लॅपटॉपवरचं ॲप क्लाउडवर नेताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

“लोकलला चालतं, तिकडे चालत नाही.” म्हणजे ॲप स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं, क्लाउडवर चालत नाही. नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या छोट्या ऑफिसात हे वाक्य महिन्यातून दोनतीनदा तरी ऐकू येतं. बोलणारा कधी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असतो, कधी इतवारीतल्या दुकानाला ॲप करून देणारा फ्रीलान्सर. कोड बहुतेक वेळा ठीकच असतो. चुकलेला असतो तो क्रम. डोमेन सगळ्यांत आधी जोडलेलं असतं, डेटाबेस सगळ्यांत शेवटी आठवलेला असतो, आणि मधलं सगळं डिप्लॉयचं (ॲप क्लाउडवर चढवायचं) बटण पुन्हा पुन्हा दाबून निभावायचा प्रयत्न झालेला असतो.

तुमचा लॅपटॉप तुम्हाला न सांगता बऱ्याच गोष्टी पुरवत असतो. भारतीय वेळ, मराठी फॉन्ट, फाइली ठेवायला कायमची जागा, कधीतरी टाकून ठेवलेला पासवर्ड. क्लाउडवरचं मशीन कोरं असतं. आपण जे सांगितलं नाही, ते तिथे नसतं.

उदाहरण म्हणून एक ॲप घेते: कळमना मार्केटमधल्या एका संत्रा अडत्याचं आवक आणि बिलांचं ॲप. जँगोत (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये) लिहिलेलं, डेटाबेस लॅपटॉपवर एसक्यूलाइट, क्लाउडवर पोस्टग्रेस. प्लॅटफॉर्म रेंडर किंवा हेरोकूसारखा, म्हणजे गिटवर (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावर) कोड ढकलला की पुढचं बिल्ड, म्हणजे ॲप चालायला तयार करण्याचं काम, तोच करतो. नोड किंवा लाराव्हेलवर काम करणाऱ्यांना नावं बदलावी लागतील, क्रम हाच राहील.

## १. लॅपटॉप काय काय पुरवतो ते लिहून काढा

याला अर्धा दिवस द्या. क्लाउडचं खातं अजून उघडायचंही नाही.

पहिली नोंद आवृत्त्यांची. पायथनची नेमकी आवृत्ती आणि प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती फाइलमध्ये बांधून टाका. नोड वापरत असाल तर लॉक फाइल गिटमध्ये हवीच, आणि सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा. तो लॉक फाइलमधल्याच आवृत्त्या घेतो, आणि फाइल जुळत नसेल तर तिथेच थांबतो.

दुसरी नोंद गुपितांची: सीक्रेट की, डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस आणि पेमेंटच्या चाव्या. या कोडमधून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, मशीनवर ठेवलेल्या सेटिंगमध्ये) न्या. ज्या फाइलमध्ये त्या लॅपटॉपवर राहतात, ती गिटच्या दुर्लक्ष-यादीत टाका.

सावधान: चावी एकदा गिटवर गेली असेल तर फाइल खोडून भागत नाही. जुन्या कमिटमध्ये (गिटने साठवलेल्या जुन्या नोंदीत) ती तशीच राहते. ती चावी रद्द करून नवीन घ्या. इतिहास पुसत बसण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि खात्रीचंही.

तिसरी नोंद फाइलींच्या नावांची. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच वाटतात, लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं असतात. टेम्प्लेटमध्ये लोगोचं नाव स्मॉल अक्षरात आणि फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल, तर लॅपटॉपवर लोगो दिसतो आणि क्लाउडवर गायब होतो. विंडोजवर नाव बदलताना ‘गिट एमव्ही’ वापरा. नुसता अक्षराचा आकार बदलला तर गिटला तो बदल बहुधा कळतच नाही.

चौथी नोंद: ॲप डिस्कवर काय काय लिहितं? पावत्यांचे फोटो, पीडीएफ, एसक्यूलाइटची फाइल. ही यादी जपून ठेवा, पुढे सहाव्या पायरीत लागणार आहे.

तपासणी: नव्या फोल्डरमध्ये गिटवरून कोड उतरवा आणि फक्त लिहून ठेवलेल्या सूचनांवरून ॲप सुरू करा. शक्य असेल तर मित्राच्या मशीनवर करा. “हं, इथे आणखी एक गोष्ट करावी लागते” असं तोंडून निघालं, की ती गोष्ट सूचनांमध्ये लिहा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

## २. प्रॉडक्शनच्या (खऱ्या वापराच्या) सेटिंग आधी लॅपटॉपवरच लावा

ही पायरी लोक गाळतात आणि मग क्लाउडवर एकाच वेळी पाच चुकांशी झुंजतात. डीबग (चुकांचा तपशील पानावर दाखवणारी सोय) बंद करायचं तर घरीच करा.

डीबग बंद केलं की जँगोत दोन गोष्टी लगेच घडतात. ‘अलाउड होस्ट्स’च्या यादीत पत्ता नसेल तर प्रत्येक पानावर ४०० ची चूक येते. आणि सीएसएस, चित्रं वगैरे स्टॅटिक फाइली जँगो स्वतः देणं थांबवतो, त्यामुळे पान उघडं-बोडकं दिसतं. त्या फाइली देणारं व्हाइटनॉइज हे पॅकेज बसवा आणि त्या एका जागी जमा करणारी ‘कलेक्ट-स्टॅटिक’ आज्ञा चालवून पाहा. मग जँगोची ‘चेक’ आज्ञा ‘डिप्लॉय’ पर्याय लावून चालवा. ती जे इशारे देते ते एकेक वाचा.

जँगो ४.० पासून सीएसआरएफच्या (दुसऱ्या साइटवरून खोटा फॉर्म येऊ नये म्हणून असलेल्या तपासणीच्या) विश्वासू पत्त्यांमध्ये ‘एचटीटीपीएस’सकट पूर्ण पत्ता द्यावा लागतो. नुसतं डोमेनचं नाव लिहिलेलं चालत नाही. लॉगिनचा फॉर्म भरल्यावर ४०३ येत असेल तर पहिल्यांदा हीच जागा बघा.

सर्व्हर सुरू करण्याची आज्ञाही बदलते. ‘रनसर्व्हर’ हा विकासापुरता आहे, क्लाउडवर गनिकॉर्न हा खऱ्या वापरासाठीचा सर्व्हर वापरा. तो ०.०.०.० या पत्त्यावर ऐकला पाहिजे, आणि पोर्ट प्लॅटफॉर्म देईल तोच घेतला पाहिजे. तो ‘पोर्ट’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये येतो. १२७.०.०.१ वर ऐकणारं ॲप त्या मशीनच्या आतल्या आत बोलतं. बाहेरून कोणालाच दिसत नाही, आणि लॉगमध्ये मात्र सगळं आलबेल वाटतं.

गनिकॉर्न विंडोजवर चालत नाही. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) किंवा डॉकर (ॲप त्याच्या सगळ्या सामानासकट बंद डब्यात चालवणारं साधन) वापरून ही तालीम करावी. माझं मत विचाराल तर डॉकर शिकायची सगळ्यात योग्य वेळ हीच.

## ३. जागा निवडा

नागपूरच्या ग्राहकांसाठी मुंबई किंवा हैदराबाद घ्या. एडब्ल्यूएसचा (ॲमेझॉनच्या क्लाउडचा) मुंबई रीजन, म्हणजे सर्व्हर असलेली जागा, २०१६ पासून आहे, हैदराबादचा २०२२ पासून. अझुरच्या (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या) यादीत ‘सेंट्रल इंडिया’ दिसलं की आपल्याकडच्या पोरांना ते नागपूरच वाटतं, पण तो रीजन पुण्यात आहे. तरीही चालेल, पुणे जवळच आहे. तुमच्या प्लॅटफॉर्मवर भारत नसेल तर सिंगापूर घ्या.

एक नियम मात्र मोडू नका: ॲप आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये हवेत. ॲप अमेरिकेत आणि डेटाबेस मुंबईत ठेवला तर प्रत्येक क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) जाऊन-येऊन सुमारे २०० मिलिसेकंद जातात. एका पानात ४० क्वेरी असतील तर ८ सेकंद नुसत्या प्रवासात गेले. लोक अशा वेळी कोड तासतात, पण दोष कोडचा नसतो.

मोफत प्लॅन शिकायला चांगला, धंद्याला नाही. रेंडरवर मोफत सेवा १५ मिनिटं कोणी आलं नाही तर झोपते, आणि पुढच्या माणसाला ती जागी होईपर्यंत थांबावं लागतं. गाडी खाली होत असताना अडत्या थांबत नाही, तो वहीत लिहून मोकळा होतो. पैसे भरायचे असतील तर कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये पाहा, आणि खातं उघडल्या दिवशीच बजेटचा इशारा लावा. इशारा फक्त ईमेल करतो. खर्च आपोआप थांबत नाही.

## ४. डेटाबेस आधी

ॲपच्या आधी डेटाबेस उभा करा आणि लॅपटॉपवरून त्याला जोडून पाहा. याचं कारण साधं आहे: एसक्यूलाइट ढिला आहे, पोस्टग्रेस कडक. एसक्यूलाइटमध्ये २० अक्षरांच्या रकान्यात ६० अक्षरं लिहिली तरी तो मुकाट ठेवून घेतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, तालुका असं सगळं एकाच रकान्यात कोंबलेली जुनी नोंद पोस्टग्रेसला दिली की तो “फार लांब” म्हणून नाकारतो. नावाच्या शोधाचंही तसंच. इंग्रजी अक्षरांसाठी एसक्यूलाइटचा ‘लाइक’ कॅपिटल-स्मॉल बघत नाही, पोस्टग्रेसचा बघतो. हे ॲप चढवण्याआधी कळलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. नंतर कळलं तर मार्केटच्या भर गर्दीत फोन येतो.

हा क्रम ठेवा:

१. रिकाम्या पोस्टग्रेसवर सगळी मायग्रेशन (डेटाबेसची रचना बनवणाऱ्या आज्ञा) पहिल्यापासून चालवा. एखादं जुनं मायग्रेशन हाताने खोडलेलं असेल तर ते इथेच उघडं पडतं.

२. जँगोच्या ‘डंपडेटा’ने डेटा काढताना कंटेंट-टाइप आणि परवानग्यांचे तक्ते वगळा. ते मायग्रेशनने आधीच भरलेले असतात, म्हणून आदळतात.

३. डेटा भरा, आणि जुन्या-नव्या दोन्हीकडच्या नोंदी मोजा. नुसती संख्या पुरेशी नाही. एखाद्या महिन्याच्या बिलांची एकूण रक्कम दोन्हीकडे काढून जुळवा.

४. एक नवीन बिल तयार करा. ‘हा क्रमांक आधीच आहे’ अशी चूक आली तर पोस्टग्रेसचे क्रम-गणक (पुढचा आयडी क्रमांक देणारे) मागे राहिले आहेत. सीएसव्हीतून आयडीसकट डेटा ओतला की हे हमखास होतं. जँगोची ‘एसक्यूएल-सीक्वेन्स-रीसेट’ आज्ञा यासाठीच आहे.

सावधान: लॅपटॉपवरून मोठा डेटा ओतताना वीज गेली, वायफाय गेलं, तर अर्धा डेटा आत आणि अर्धा बाहेर राहतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हे होतंच. एसक्यूएल फाइल ‘पीएसक्यूएल’ने भरताना ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ पर्याय लावा, म्हणजे एक तर सगळं जाईल नाही तर काहीच जाणार नाही.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांसाठी एक वाक्य: कॅरॅक्टर सेट ‘यूटीएफएटएमबी४’च ठेवा. जुन्या डेटाबेसमध्ये ‘लॅटिन१’ असेल तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात, आणि एकदा प्रश्नचिन्ह साठलं की मूळ नाव परत मिळत नाही.

## ५. प्लॅटफॉर्मच्या पत्त्यावर पहिला डिप्लॉय

डोमेन अजून बाजूलाच ठेवा. प्लॅटफॉर्म स्वतःचा एक पत्ता देतो, त्यावरच चालवा.

तीन आज्ञा तीन वेगळ्या जागी जातात. पॅकेज बसवणं आणि ‘कलेक्ट-स्टॅटिक’ बिल्डमध्ये. मायग्रेशन डिप्लॉयच्या आधीच्या टप्प्यात, ज्याला हेरोकू ‘रिलीज’ म्हणतं आणि रेंडर ‘प्री-डिप्लॉय’. सुरू करण्याच्या आज्ञेत फक्त गनिकॉर्न. मायग्रेशन सुरुवातीच्या आज्ञेत टाकलं आणि ॲपच्या दोन प्रती एकदम उठल्या, तर दोघी एकाच तक्त्यावर तुटून पडतात.

५१२ एमबीच्या मशीनवर दोन वर्करने (विनंत्या हाताळणाऱ्या गनिकॉर्नच्या प्रक्रियांनी) सुरुवात करा. वर्कर वाढले की मेमरी वाढते आणि डेटाबेसच्या जोडण्याही वाढतात.

लॉग वाचायची सवय इथे लागते. बिल्ड फसलं तर वरून खाली येत *पहिली* चूक शोधा, खालच्या दहा तिच्याच पिलावळी असतात. चालू ॲपमध्ये पायथनचा ट्रेसबॅक आला तर उलट: खरी चूक *शेवटच्या* ओळीत असते. ‘वर्कर टाइमआउट’ दिसलं तर गनिकॉर्नची ३० सेकंदांची मुदत संपली आहे. मुदत वाढवण्याआधी एवढा वेळ कशाला लागतोय ते शोधा.

तपासणी: खाजगी विंडोत लॉगिन करा, एक बिल करा, लॉगआउट करा. मग प्लॅटफॉर्मवरून ॲप रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा. बिल तिथेच आहे? फोटो उघडतो? फोटो गेला असेल तर पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

## ६. ज्या चुका लॉगमध्ये दिसत नाहीत

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते. यातल्या बऱ्याच चुकांचा लॉगमध्ये मागमूसही नसतो. ॲप हिरवं दिसतं आणि काम चुकीचं होत राहतं.

वेळ. कळमन्याचं ॲप चढवल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला: “ताई, पहाटेच्या बिलावर कालची तारीख काहून येऊन राहिली?” सकाळी दहानंतरची बिलं बरोबर, पहाटेची चुकलेली. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत होता आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५.३० या वेळात सर्व्हरची तारीख कालचीच असते. ऑफिसच्या वेळात चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. मलाही दिसलं नव्हतं. माझ्या सेटिंगमध्ये टाइमझोन ‘यूटीसी’च राहिला होता. विंडोजवर पायथन मशीनचीच वेळ घेतो, म्हणून लॅपटॉपवर तारीख बरोबर येत होती.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करा. आणि तारीख काढताना ‘टाइमझोन डॉट नाऊ’ला थेट ‘डेट’ लावू नका, ते यूटीसीची तारीख देतं. ‘लोकलडेट’ वापरा. मग पहाटे ३ ची वेळ गृहीत धरणारी एक टेस्ट लिहून ठेवा. ठरलेल्या वेळी चालणारी कामंही बहुतेक प्लॅटफॉर्मवर यूटीसीत लावतात: रात्री ११ चा हिशेब हवा असेल तर १७.३० लिहा.

मराठी पीडीएफ. लॅपटॉपवर सुरेख बिल, क्लाउडवर चौकोनी डबे. कोऱ्या लिनक्सवर देवनागरी फॉन्ट नसतो. नोटो सॅन्स देवनागरी डॉकरच्या इमेजमध्ये बसवा किंवा फॉन्टची फाइल कोडसोबतच ठेवा. दुसरी चूक जोडाक्षरांची: पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्ररी अक्षरं नुसती शेजारी मांडतात, त्यामुळे ‘संत्र्याची’ फुटते आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. वीझीप्रिंट अक्षरजोडणीसाठी पँगो वापरतं, तिथे हा त्रास नाही. तपासायला ‘श्री’, ‘संत्र्याची’, ‘क्विंटल’ आणि ‘निव्वळ’ एवढे चार शब्द पुरतात.

फाइली. अशा प्लॅटफॉर्मवरची डिस्क तात्पुरती असते. नवा डिप्लॉय किंवा रीस्टार्ट झाला की तुम्ही लिहिलेलं पुसलं जातं. पहिल्या पायरीतली चौथी यादी काढा, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (क्लाउडवरच्या फाइलींसाठीच्या कायमच्या जागेत) न्या. तिथली बकेट (फाइलींचा कप्पा) खाजगी ठेवा आणि फाइल दाखवायला थोड्या वेळापुरती चालणारी सही केलेली लिंक द्या. शेतकऱ्यांच्या बँक पासबुकांचे फोटो सगळ्यांना उघडे ठेवलेलं एक ॲप मी पाहिलं आहे. असं करू नका.

ईमेल आणि एसएमएस. बरेच क्लाउड पोर्ट २५ अडवतात, ईमेल ५८७ वरून पाठवा. एसएमएससाठी भारतात डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर) पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा मंजूर लागतो. मंजूर साच्यात आणि पाठवलेल्या मजकुरात एका शब्दाचा फरक पडला तरी संदेश अडतो, आणि तुमच्या ॲपला मात्र तो ‘पाठवला’ वाटू शकतो. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज पहिल्याच दिवशी करा.

पेमेंट. चाचणीच्या चाव्या काढून खऱ्या लावल्या, तरी वेबहुकचा (पैसे आल्याचं पेमेंट कंपनी ॲपला जिथे कळवते तो) पत्ता बदलायचा राहतो. पैसे कापले जातात आणि बिल ‘बाकी’च दिसतं. एक रुपयाचा खरा व्यवहार स्वतःच्या यूपीआयने करून बघा.

## ७. आता डोमेन

आदल्या दिवशी डीएनएसमधला (डोमेनच्या नोंदींमधला) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ३६०० वरून ३०० सेकंदांवर आणा. दुसऱ्या दिवशी पत्ता बदला. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ला सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) चालतो, पण मूळ डोमेनला साधा सीनेम लावता येत नाही. तिथे ए रेकॉर्ड (थेट आयपी पत्ता देणारी नोंद) किंवा तुमच्या डीएनएस सेवेचा पर्यायी प्रकार घ्या.

सावधान: एमएक्स रेकॉर्डला (ईमेल कुठे जावं ते सांगणाऱ्या नोंदीला) हात लावू नका. “जुने सगळे काढून टाकले” म्हणणाऱ्यांचं ऑफिसचं ईमेल त्याच संध्याकाळी बंद पडतं. बदलाआधी सगळ्या रेकॉर्डचा फोटो काढून ठेवा.

नवं डोमेन ‘अलाउड होस्ट्स’मध्ये आणि सीएसआरएफच्या यादीत घाला. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र प्लॅटफॉर्म स्वतः काढतो आणि नूतनीकरणही करतो. स्वतःचं मशीन चालवत असाल तर लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, तेव्हा ते काढणाऱ्या सर्टबॉटची ‘ड्राय रन’ (नूतनीकरणाची रंगीत तालीम) आजच करा.

पान स्वतःकडेच गोल गोल फिरत राहिलं तर जँगोला कळत नाहीये की ॲपच्या पुढे बसलेल्या प्रॉक्सीने (विनंत्या आधी घेणाऱ्या सर्व्हरने) एचटीटीपीएस आधीच उघडलं आहे. प्रॉक्सीच्या हेडरचं सेटिंग लावा. एचएसटीएसची (ब्राउझरने फक्त एचटीटीपीएसच वापरावं या सूचनेची) मुदत सुरुवातीला काही मिनिटांचीच ठेवा. थेट वर्षाची ठेवली आणि काही बिघडलं, तर ग्राहकांचे ब्राउझर साध्या पत्त्यावर परत यायला तयार होत नाहीत.

शेवटी ऑफिसच्या वायफायवरून आणि मोबाइल डेटावरून, दोन्हीकडून पत्ता उघडून बघा.

## ८. लोकांना सांगण्याआधी

रोज बॅकअप निघतो एवढ्यावर समाधान मानू नका. तो एका रिकाम्या डेटाबेसमध्ये परत भरून बिलांची बेरीज जुळवा. लॅपटॉपवरचं बॅकअप काढणारं ‘पीजी डंप’ सर्व्हरच्या पोस्टग्रेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं असेल तर ते डंप काढायलाच नकार देतं, हेही आत्ताच कळेल.

रोलबॅकचीही (जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचीही) तालीम करा. कोड एका बटणाने मागे जातो, डेटाबेस जात नाही. म्हणून रकान्याचं नाव बदलायचं असेल तर एका डिप्लॉयमध्ये बदलू नका. पहिल्या डिप्लॉयमध्ये नवा रकाना रिकामा घाला. दुसऱ्यात दोन्ही रकान्यांत लिहा आणि जुना डेटा नव्यात उतरवा. तिसऱ्यात फक्त नवा वाचा. जुना रकाना आठवड्यानंतर काढा. वेळखाऊ वाटतं, पण यातल्या कुठल्याही टप्प्यावर एक पाऊल मागे येता येतं.

बदलाचा दिवस मार्केट पाहून ठरवा. आंबिया बहाराची आवक जोरात असताना किंवा मृगाच्या संत्र्याने यार्ड भरलेलं असताना नवं ॲप देऊ नका. दोन बहारांच्या मधला काळ घ्या, आणि दुपारी, गाड्या आटोपल्यावर सुरुवात करा.

पहिले आठ दिवस मुनीमजींना वही आणि ॲप दोन्हीत लिहायला सांगा. रोज संध्याकाळी दोन्ही बेरजा फोनवर विचारा. फरक आला तर त्याच दिवशी शोधा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आठही दिवस जुळले की लॅपटॉपवरच्या एसक्यूलाइट फाइलचं नाव बदलून ती बाजूला ठेवा, म्हणजे सवयीने कोणी तिच्यात नवीन बिल लिहिणार नाही.